एकवीस हजार एकावा रुपया

नव्या करप्रणालीत वर्षाला बारा लाखांपर्यंत कमावणाऱ्याला आयकर शून्य. 2025 च्या अर्थसंकल्पात हे जाहीर झालं आणि नागपुरात धंतोलीतल्या आमच्या करसल्ल्याच्या छोट्या कार्यालयात फोनची रांग लागली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: बारा लाख दहा हजार झाले तर? टप्प्यांप्रमाणे आकडेमोड केली तर कर येतो 61,500 रुपये. म्हणजे दहा हजार जास्त कमवायचे आणि साठ हजारांवर पाणी सोडायचं. पण कायदा करणाऱ्यांनी हा विचार आधीच करून ठेवला होता. अशा माणसाला वरचे दहा हजार तेवढे कर म्हणून भरावे लागतात, उपकर काय तो वेगळा. याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. रेषेच्या किंचित पुढे गेला म्हणून माणसाचं नुकसान रेषेच्या आत राहणाऱ्यापेक्षा जास्त होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

लोकांची विवरणपत्रं भरून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे मला या तरतुदीचं कौतुक आहे. ती न्याय्य आहे. माझी तक्रार एवढीच की हा न्याय बारा लाखांच्या मजल्यावरच राहतो, खाली उतरत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अनाथ मुलं अशा सगळ्यांसाठी असलेली ही योजना विदर्भात घरोघरी माहीत आहे. लोक नुसतं 'निराधारचे पैसे' म्हणतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागतं. महिन्याला 1,750. अनुदान महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाचे 18,000. आता हिशेब करा. उत्पन्न 21,000 असलेल्या बाईच्या हाती वर्षाला 39,000 येतात. 21,001 असलेल्या बाईच्या हाती 21,001च. त्या एका रुपयाची किंमत अठरा हजार, आणि तिच्यासाठी मार्जिनल रिलीफ नावाची गोष्टच नाही.

ही मर्यादा किती खरी आहे ते पाहायला फार लांब जायला नको. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. कुही किंवा भिवापूर तालुक्यातल्या एखाद्या बाईने 67 दिवस काम केलं तर तिचे 20,904 रुपये होतात आणि ती निराधार ठरते. अडुसष्टाव्या दिवशी कामावर गेली की 21,216, आणि ती निराधार राहत नाही. केंद्राच्या कायद्यात त्या वेळी हमी शंभर दिवसांची होती. एक खातं तिला शंभर दिवस बोलावत होतं आणि दुसरं खातं अडुसष्टाव्या दिवशी तिचं नाव कापायला मोकळं होतं. शहरात तर मजुरीचा हिशेबही नको. पाचपावलीतली बाई दोन घरची धुणीभांडी करते, दर घरी हजार रुपये धरले तरी वर्षाचे 24,000 होतात.

मग इतक्या बायकांना निराधारचे पैसे मिळतात कसे? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. सिव्हिल लाइन्समध्ये सेतूच्या आसपास बसणारे अर्जनवीस विचारतात, "उत्पन्न किती टाकू जी?" आणि समोरची बाई म्हणते, "तुमीच सांगा भाऊ, किती टाकलं म्हंजे होते?" दोघंही खोटारडे नाहीत. ज्या कागदावर खरा आकडा लिहिला की काम होत नाही, त्या कागदावर चालणारा आकडा लिहिला जातो. तलाठी चौकशी करतो, तहसीलदारांच्या सहीने दाखला निघतो, आणि राज्याच्या दप्तरात हजारो कुटुंबं वर्षाला वीस-एकवीस हजारांत जगताना दिसतात. त्या दप्तरावर विसंबून कुणी गरिबीचा अभ्यास केला तर नागपुरात माणसं जगतात कशी, याचंच त्याला नवल वाटेल.

मात्र हा चालणारा आकडा सगळ्यांना लिहिता येत नाही, आणि खरी अडचण इथे आहे. जिचं उत्पन्न रोखीत आहे तिला तो लिहिता येतो. कंत्राटदाराकडे साफसफाईचं काम करून बँकेत पगार घेणारी, जिचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो ती, हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी, यांची कमाई नोंदलेली असते. त्यांचा दाखला खरा निघतो आणि खरा दाखला म्हणजे नकार. म्हणजे ही रेषा नोंद असलेल्या गरिबाला बाहेर ठेवते आणि नोंद नसलेल्याला आत घेते, मग दोघांचं पोट सारखंच का रिकामं असेना. एकीकडे आपण कामगारांना औपचारिक क्षेत्रात या म्हणून सांगतो आणि दुसरीकडे आलेल्यांना ही बक्षिसी देतो.

रेषा एकच असती तरी एक वेळ चाललं असतं. पिवळ्या रेशनकार्डासाठी 15,000 रुपये. निराधारसाठी 21,000. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत शहरासाठी 59,000, गावासाठी 44,000. लेक लाडकीसाठी एक लाख. लाडकी बहीणसाठी अडीच लाख. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये विधवेच्या मुलाला दरमहा 4,000 रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं, तिथे मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000. म्हणजे वर्षाला नव्वद हजारांत राहणाऱ्या शहरी घरातलं मूल मदतीला पात्र, पण त्याच मुलाची आई निराधार नाही. एका छताखाली, एका चुलीवर जगणाऱ्या दोघांची गरिबी दोन खात्यांना वेगवेगळी दिसते. जून लागला की शाळा उघडायच्या आधी लोक दाखल्यांसाठी फिरतात ते यामुळेच. प्रत्येक खिडकीला दाखला लागतो आणि प्रत्येक खिडकीची रेषा निराळी.

या सगळ्या रेषांच्या गर्दीत मूल कुठे आहे, हा प्रश्न मला जास्त छळतो. 2019 मध्ये निराधारचं अनुदान 600 वरून 1,000 झालं तेव्हा सरकारने एक छोटी पण अर्थपूर्ण गोष्ट केली होती. एक अपत्य असलेल्या विधवेला 1,100 आणि दोन अपत्यं असलेल्या विधवेला 1,200. एका मुलाचे महिन्याला शंभर रुपये. शंभर रुपयांत मुलाचं काय होतं हे सोडा, पण घरात मूल असेल तर खर्च वाढतो हे निदान मान्य झालं होतं. 2023 मध्ये रक्कम वाढली तेव्हा 1,000 चे 1,500 झाले, 1,100 चे 1,500 झाले आणि 1,200 चेही 1,500. एकट्या बाईला पाचशेची वाढ, एक मूल असलेलीला चारशेची, दोन मुलं असलेलीला तीनशेची. वाढीच्या आनंदात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण त्या दिवशी हिशेबातून मूल गेलं. आणि 21,000 ची रेषा तेव्हाही तिथेच राहिली.

त्यानंतर वर्षभरात, जुलै 2024 पासून, लाडकी बहीण आली. 21 ते 65 वयाच्या बाईला 1,500 रुपये, घरात तीन मुलं असोत की एकही नसो. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा अधिक मिळत असतील तर ही योजना लागू नाही. याचा एकत्रित परिणाम बघा. दोन लेकरं पदरात घेऊन एकटी राहणाऱ्या विधवेला निराधारमधून 1,500 मिळतात, म्हणून लाडकी बहीणचे मिळत नाहीत. नवरा कमावता, कुटुंबाचं उत्पन्न सव्वादोन लाख, मूल नाही, अशा बाईला लाडकी बहीणचे 1,500. दोघी अगदी बरोबरीत. मी लाडकी बहीणच्या विरोधात नाही. बाईच्या नावावरच्या खात्यात पैसे येण्याने घरात काय बदलतं ते माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या बोलण्यातूनच कळतं. पण जी व्यवस्था या दोन बायकांत फरक करू शकत नाही, तिने गरजेप्रमाणे मदत ठरवली असं म्हणू नये.

लेक लाडकीत मूल आहे, पण कसं? 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड. जन्माला 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. बेरीज एक लाख एक हजार, ऐकायला शुभ. पण अठरा वर्षांत, म्हणजे मूल मूल असेपर्यंत, मिळणार 26,000. महिन्याला सरासरी 120 रुपये. उरलेले 75,000 2023 मध्ये जन्मलेल्या मुलीला 2041 मध्ये मिळतील. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर ते 2023 च्या सुमारे 31,000 रुपयांएवढे भरतील. दुधाचे पैसे लग्नाच्या वयात देण्याची ही तऱ्हा आहे. बालसंगोपन योजना मला यातली सर्वांत शहाणी वाटते. दर मुलामागे दरमहा 2,250 रुपये, गृहचौकशी होते, बाल कल्याण समिती आदेश देते. पण एक पालक गमावलेली, आजारी किंवा तुरुंगातल्या आईबापांची अशी ठरावीक मुलंच तिथवर पोचतात, आणि तीही कुणी हात धरून नेलं तर.

2,250 हा आकडा मला ओळखीचा वाटला तो दुसऱ्याच कारणाने. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मुलांच्या शिक्षणासाठी मिळणारा भत्ता नेमका एवढाच होता: दर मुलामागे दरमहा 2,250, दोन मुलांपर्यंत. नागपुरात रेल्वे, टपाल, आयुध निर्माणी, आयकर असा केंद्राचा मोठा पसारा आहे, त्यामुळे आमच्या कार्यालयात हा आकडा रोजचा. त्या भत्त्याला एक नियम जोडलेला आहे. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हा भत्ता आपोआप 25 टक्क्यांनी वाढतो. त्याप्रमाणे 1 जानेवारी 2024 पासून तो 2,812 रुपये 50 पैसे झाला. कुणी मोर्चा काढला नाही, कुणाला अर्ज करावा लागला नाही. दिव्यांग मुलासाठी तो दुप्पट. मुलामागे रक्कम, महागाईशी जोड, जास्त गरज असलेल्या मुलाला जास्त पैसे, हे सगळं सरकारला येतं. फक्त ते स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी येतं. बालसंगोपनची रक्कम वाढवायची तर मंत्रालयाला आठवण व्हावी लागते, आणि निराधारचं अनुदान वाढवायचं तर निवडणूक यावी लागते किंवा डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघून तो टेकडी रोडवर अडवला जावा लागतो.

न्यायालयांनाही हा हिशेब येतो. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी सांगितलं. आज देशभर तो निकाल वापरला जातो. ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेलं होतं. 2015 मध्ये इथल्या न्यायालयाने त्यात मुलासाठी आधीच्या दोन वर्षांचे दरमहा 5,000 आणि पुढे 10,000 ठरवले होते, म्हणजे मूल मोठं होतं तसा खर्च वाढतो हे धरूनच. बापाने मुलाचं खाणं, कपडे, दवाखाना, शाळा असा खर्च मोजावा असं राज्य न्यायालयामार्फत सांगतं. बाप मेला आणि त्याची जागा राज्याने घ्यायची वेळ आली की तीच मोजणी थांबते. निराधारचा अर्ज समितीच्या बैठकीत मंजूर होतो, बैठक लांबली की मंजुरी लांबते. अर्जाच्या तारखेपासूनची थकबाकी देण्याचा न्यायालयाचा दंडक इथे का नको?

हे सगळे तुकडे एका जागी जोडून दाखवणारे देशही आहेत. माझी मावसबहीण ब्रॅम्प्टनला असते, तिच्यामुळे कॅनडाची पद्धत मला जवळून कळली. तिथे 2016 पासून मुलांसाठी एकच मासिक मदत आहे. दर जुलैला आईबापांच्या गेल्या वर्षीच्या विवरणपत्रांवरून ती नव्याने ठरते. जुलै 2025 पासूनच्या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त 7,997 डॉलर, सहा ते सतरा वर्षांच्या मुलाला 6,748. कुटुंबाचं उत्पन्न 37,487 डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम. त्याच्या वर गेलं तर एका मुलाच्या घरात वाढीव उत्पन्नाच्या सात टक्के कपात, दोन मुलं असतील तर साडेतेरा टक्के. 81,222 डॉलरनंतर कपातीचा वेग आणखी मंदावतो. म्हणजे एका मुलाच्या घरात हजार डॉलर जास्त कमावले तर मदत सत्तर डॉलरनं घटते. जास्त काम केल्याचा पश्चात्ताप होण्याची वेळ कुणावर येत नाही. आईबाप वेगळे झाले आणि मूल दोघांकडे सारखं राहत असेल तर मदत निम्मी-निम्मी. आकडे आणि मर्यादा दोन्ही दरवर्षी महागाईबरोबर हलतात.

यावर आमच्या व्यवसायातले मित्र लगेच हसतात. कॅनडात घरोघरी विवरणपत्र भरलं जातं, इथे कळमन्याच्या बाजारातल्या हमालाचं उत्पन्न तुम्ही कुठून काढणार? आक्षेप बरोबर आहे. उतरत्या कपातीसाठी उत्पन्न माहीत हवं, आणि आपल्याला ते माहीत नाही. पण मग याच न्यायाने आजच्या रेषाही उडायला हव्यात. ज्या माहितीवर उतार बांधता येत नाही, तिच्यावर कडा कशी बांधता येते? उत्पन्न अंदाजाने ठरत असेल तर एका रुपयाच्या फरकावर अठरा हजार टांगून ठेवणं जास्तच अन्यायाचं.

माझ्या मते उत्तर आपल्या शाळेच्या ओसरीवर गेली वीसेक वर्षं शिजतंय. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला. आज पहिली ते आठवीचं मूल ताटली घेऊन रांगेत बसतं तेव्हा खिचडी वाढणारी मावशी बापाचा उत्पन्नाचा दाखला मागत नाही. अंगणवाडीतही मागत नाहीत. सुखवस्तू घरचं मूल बहुधा त्या रांगेत येतच नाही, आलं तर खातं, आणि त्याने राज्याचं दिवाळं निघालेलं नाही. मुलांसाठीची रोख मदतही अशीच सुरू व्हावी, निदान पहिल्या सहा वर्षांसाठी. जन्माची नोंद आणि अंगणवाडीतलं नाव एवढं पुरे. आयकर भरणारे आणि सरकारी नोकर वगळायचे तर वगळा. त्यांची यादी सरकारकडे आहेच, गरिबाने काही सिद्ध करायला नको. आणि ज्यांचा पगार नोंदलेला आहे अशांना पुढच्या वयात मदत द्यायची तर ती उतरती द्या, कारण त्यांच्या बाबतीत उतार काढता येतो.

निराधारची मर्यादा तर उद्याच बदलता येईल. 2025-26 च्या दराने रोजगार हमीच्या शंभर दिवसांची मजुरी 31,200 रुपये होत होती. त्याच्या खाली मर्यादा ठेवणं म्हणजे सरकारने स्वतः दिलेल्या कामालाच अपराध मानणं. ती मजुरी बदलेल तशी मर्यादाही बदलत राहील, वेगळा विचार करावा लागणार नाही.

पैसा कुठून आणायचा? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतची मुलं 1 कोटी 33 लाख होती. जन्मदर तेव्हापासून घटतोय, त्यामुळे आज आकडा वाढलेला असण्याचं कारण नाही. दर मुलाला महिन्याला 500 रुपये धरले तर वर्षाचे सुमारे 8,000 कोटी. लाडकी बहीणसाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटी ठेवले होते. पाचशे रुपये कमी आहेत, मला मान्य आहे. पण दोन लहान मुलांच्या विधवेला आजच्या दीड हजारांवर आणखी हजार मिळतील.

दोन शंका नेहमी येतात. तिसऱ्या मुलाचं काय, लोकसंख्या वाढेल. लेक लाडकीत तर कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्रच मागतात. महिना पाचशे रुपयांसाठी कुणी मूल जन्माला घालतं असं मानणाऱ्याने एकदा मेडिकलमधल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, बाळंतपणाचा खर्च, औषधं आणि बुडालेली मजुरी मांडून पाहावी. आणि जे तिसरं मूल जन्मलंच आहे त्याने काय खायचं? दुसरी शंका बापाच्या दारूची. आईच्या खात्यात पैसे द्यायची सोय आता गावोगावी झालेली आहे, त्यावर जास्त बोलायला नको.

नवे पैसे अजिबातच नसतील तर मी पुढचं, कुणालाच न आवडणारं सुचवते. लाडकी बहीणचीच रक्कम मुलांशी जोडा. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात दोन हजार, नसलेल्या घरात बाराशे, आणि निराधारचे पैसे घेणाऱ्या आईला मुलामागचा फरक वेगळा द्या. कुणाचे तरी तीनशे कमी होतील म्हणून नेते दचकतात, तो दचका मला समजतो. पण चारचाकीच्या तपासणीत, ई-केवायसीत, दुबार लाभाच्या छाननीत नावं आजही कमी होतच आहेत, आणि आपलं नाव कशामुळे गेलं हे बाईला सेतूच्या खिडकीत कुणी सांगू शकत नाही. कमी करायचेच असतील तर ज्या घरात लहान मूल नाही तिथून करा, आणि तसं शासन निर्णयात लिहून करा.